चौतीस टक्के अस्सल

अस्सल ९१

आमच्या डिझाइन संस्थेचा नियम असा, की कामाच्या वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर आधी आकडा लिहायचा, मग मजकूर. म्हणून आधी आकडा.

एक्याण्णव हा पहिल्या सत्रातला. काम होतं एका हाताने उघडता येईल असा मिठाचा डबा. माझा डबा भिकार होता. झाकण बसत नव्हतं आणि बसलं तर निघत नव्हतं. कागदावरच्या रेघा अशा, की मुंगी शाईत पडून चालत घरी गेली असावी. तरी वर्गात सगळ्यांत जास्त अस्सल माझंच आलं.

शलाका मेश्रामने माझा कागद उलटासुलटा करून पाहिला. ती नागपूरची. वसतिगृहात आम्ही एका खोलीत.

"एक्याण्णव? ह्याले? अवं केतकी, हा डबा आहे का दाढ सुजलेला माणूस?"

"जळू नको. तुझं किती?"

"शहाऐंशी. पण माह्यं झाकण लागते."

आम्ही दोघी खूप हसलो. चार वर्षांत आम्ही कागदावरून हसलो ते तेवढंच.

आकडा नाही. माहितीचं पान.

पट्टा म्हणजे काय ते इथे एकदाच लिहिते.

आमच्या थोडं आधी असा काळ आला, की यंत्राला दोन वाक्यं सांगितली की कुठल्याही वस्तूचं चित्र तयार मिळायचं. चित्राकडे बघून ते कुणाचं हे ओळखायचे सगळे मार्ग बंद झाले. परीक्षक हताश, कंपन्या हताश. मग काही संशोधकांनी चित्राकडे बघणंच सोडलं. ते हाताकडे बघू लागले.

रेघ कागदावर उमटण्याच्या किंचित आधी कोपराखालच्या स्नायूंत विजेचे बारीक ठोके पडतात. पट्ट्याच्या सोळा टिकल्या कातडीला चिकटवल्या की ते मोजता येतात. हाताला रेघ आधीच ठाऊक असेल तर ठोके सलग पडतात, एका लयीत. हात रेघ शोधत असेल तर तो सेकंदाला आठ-दहा वेळा स्वतःला दुरुस्त करतो आणि ठोके विस्कटतात. विस्कटलेले म्हणजे शोध. सलग म्हणजे आठवण. दोन्हींचं प्रमाण काढलं की अस्सलचे टक्के मिळतात.

इथवर सगळं खरं आहे. मी ते प्रबंध वाचलेत, शंका घेऊन वाचलेत. पुढची पायरी कुणी आणि कधी चढली हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ती पायरी म्हणजे: आठवण आहे, म्हणजे नक्कल आहे.

आकडा पन्नासच्या खाली आला की यंत्र समितीला कळवतं. नोकरीच्या अर्जावर चार वर्षांची सरासरी लिहावी लागते. कागदावर काढताना पट्टा घातला नसेल तर ते काम धरत नाहीत.

अस्सल ७७

दुसऱ्या वर्षी मला रेघ यायला लागली. वर्तुळ एका फटक्यात मिटू लागलं. हातपंपाचा दांडा काढला तो चौघांनी वळून पाहिला आणि लगेच माना फिरवल्या. कारण पाहिलं म्हणजे पाहिल्याची नोंद. उद्या त्यांच्या कागदावर तसा दांडा निघाला तर?

स्टुडिओच्या भिंतीवर पूर्वी सगळ्यांची चित्रं टाचून ठेवायचे म्हणे. आता तिथे नुसती टाचण्यांची भोकं होती. सगळे भिंतीला पाठ लावून बसायचे आणि कागदावर कोपर आडवं धरायचे. ग्रंथालयात पुस्तकाचं चित्राचं पान उघडलं की वर कॅमेऱ्याचा लाल ठिपका लागायचा. मेसमध्ये "आज काय काढलंस?" असं विचारणाऱ्याकडे लोक असं बघायचे की जणू त्याने त्यांच्या खिशात हात घातलाय.

आणि बादली.

हे शोधून काढलं आमच्या आधीच्या बॅचने. काम जमा करण्याआधी न्हाणीघरात जायचं आणि काठोकाठ भरलेली बादली आखडलेल्या हाताने दहा मिनिटं उचलून धरायची. दमलेला स्नायू थरथरतो. पट्ट्याला ती थरथर शोधासारखी दिसते. पंधरा-वीस टक्के हमखास वाढायचे. जमा करायच्या दिवशी सकाळी न्हाणीघरापुढे रांग लागायची आणि आंघोळ कुणीच करायचं नाही.

"मी नाही बादली उचलत," शलाका म्हणायची. "पाणी प्यायचं असते, नाही तर आंघोळीचं."

मी उचलायची. सत्त्याहत्तरमधले पंधरा बादलीचे आहेत.

अस्सल ६९

शलाकाचा आकडा माझ्यापेक्षा वेगाने घसरत होता. शहाऐंशी, चौऱ्याहत्तर, त्रेसष्ट. आणि तिचं काम सुधारत होतं. याचा अर्थ मी एकच लावला. सगळ्यांनी तोच लावला असता.

मी तिच्यावर लक्ष ठेवलं. ती सकाळी चहाच्या आधी उठून रद्दी कागदावर रेघा ओढायची. उभ्या, आडव्या, कमानी, चारशे मोजून. पट्टा न घालता. ते मला फार खटकलं. पट्टा न घालता माणूस कशाला काढेल? चोरून गिरवत असेल तरच.

तिसऱ्या वर्षी तिने बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बाईसाठी बुटकं स्टूल केलं. बसणारी बाई पुढे वाकली की स्टूलही तिच्याबरोबर बोटभर पुढे झुकायचं, आणि पाठ धरायची नाही. आम्हाला शिकवणाऱ्या पेंडसे मॅडम त्यावर बसल्या आणि पाच मिनिटं उठल्याच नाहीत. मी त्या स्टुलाच्या पायाकडे बघत होते. ती कमान माझ्या हातपंपाच्या दांड्याची होती. मला तरी तशी दिसली. रात्रभर तीच दिसत राहिली.

आकडा आला एकावन्न. एक टक्क्याने वाचली.

"काय झालं वं?" तिने विचारलं. "तोंड काऊन पाडलं?"

"काही नाही."

"माह्यं स्टूल आवडलं नाही का?"

"आवडलं," मी म्हटलं. ते खरं होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं.

शंका-नोंद (संस्थेचा छापील कागद, जसाच्या तसा)

कुणाविषयी: शलाका मेश्राम, तिसरं वर्ष.
कोणतं काम: बैठकीचं स्टूल.
शंकेचं कारण: सदर विद्यार्थिनी पट्टा न घालता रोज सराव करते. पायाची कमान माझ्या आधीच्या कामाशी जुळते.
आपणास खात्री आहे का? (हो / नाही / सांगता येत नाही): हो.
आपलं नाव समितीबाहेर जाणार नाही.
सही करण्यापूर्वी पट्टा काढावा.

मी पट्टा काढला आणि सही केली. शेवटच्या ओळीचं मला तेव्हा काही वाटलं नाही. टिकल्यांना शाई लागू नये म्हणून असेल.

अस्सल ५८

समितीने शलाकाला बोलावून तीच कमान पुन्हा काढायला लावली. आता ती तिने शंभर वेळा काढलेली होती. आकडा आला एकोणतीस. तिचं वर्ष रद्द झालं आणि ती खालच्या बॅचमध्ये गेली.

ती खोली सोडत होती तेव्हा मी पुस्तक वाचत बसले होते. एकच पान.

"कोणी लिहिलं असंन?" ती गादी गुंडाळत म्हणाली.

"मला काय माहीत."

तिने गादीची गाठ आवळली. मग रद्दीचा गठ्ठा उचलून गेली. त्यानंतर वर्षभर ती जिन्यात दिसली की मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकायची.

अस्सल ३४

शेवटच्या वर्षाचं काम आपण निवडायचं. मी विळी निवडली.

मी चौथीत असताना आईची डावी बाजू गेली. विळीचं काम एका हाताने होत नाही. कोबी पात्यावर टेकवला की तो फिरतो. त्याला दुसरा हात लागतो. आमचं गडहिंग्लजला लोहारकामाचं दुकान, अण्णा आयुष्यभर विळ्या करत आले, आणि घरातल्या बाईला एकटीने विळी चालवता येत नाही. वर्षभर मी नमुने केले. पंचावन्न रेखाटनं बाद झाली. छप्पन्नावं मी एका दुपारी काढलं. पातं समोर न झुकता बसणाऱ्याकडे थोडं मागे आलेलं, मध्ये पोट सुटलेलं, खाली अंगाकडे वळलेलं. पाटावर एक लाकडी गाल. कोबी पातं आणि गाल यांच्यात आपोआप अडकतो.

हात थांबला नाही. एका रेघेत पातं निघालं. इतकी चांगली रेघ मी कधी काढली नव्हती.

आणि पट्ट्याने चौतीस दाखवले.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. काम रोखलं आहे, तीन आठवड्यांनी समितीसमोर हजर व्हावं, आकडा सुधारला नाही तर पदवी नाही.

पहिला विचार आला तो शलाकाचा. तिनेच माझ्यावर शंका-नोंद टाकली. फेडलं तिने. हे मी मनात इतक्या वेळा घोळवलं की त्याची मला खात्री झाली.

दुसरा विचार त्याहून वाईट होता. मी खरंच कुठेतरी हे पातं पाहिलं असेल तर? पुस्तकात, कुणाच्या कोपराखालून? यंत्र खोटं बोलत नाही. हाताला रेघ ठाऊक होती. मग ती कुणाची? मी तीन वर्षांच्या वह्या उलगडल्या. स्वतःच्या हाताकडे मी भाड्याने आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघू लागले.

आकडा नाही. गडहिंग्लज.

"आलीस व्हय? आणि तोंड असलं काय?" अण्णांनी भट्टीचा पंखा बंद केला.

मी कागद पुढे केला. "अण्णा, खरं सांगा. हे पातं तुम्ही कधी केलं होतं का? मी लहान असताना?"

त्यांनी कागद उजेडाला धरला आणि रेघेवरून अंगठा फिरवला, धार बघतात तसा.

"न्हाई. माझ्या बापानंबी असलं केलं न्हाई. पातं असं अंगावर आलेलं? गिऱ्हाईक म्हणंल, लोहार प्यालाय."

"आठवून सांगा."

"चाळीस वरसं पाती वडतोय, मला इचारतीस आठवून सांगा?" त्यांनी कागद भिंतीला चिकटवला. "थांब. करूनच बघू."

दीड तासात पातं झालं. जुन्या पाटावर लाकडाचा गाल ठोकून त्यांनी ते बसवलं. आई स्टुलावर येऊन बसली. खाली बसणं तिला जमत नाही, म्हणून ती विळी उंच पाटावर घेते. तिने कोबी पात्याला लावला, उजवा हात वर नेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"धर की."

माझा उजवा हात आधीच पुढे गेला होता.

मी समोर बसले होते, नेहमीच्या जागी. चौथीपासून बारावीपर्यंत रोज सकाळी मी तिथे बसायची आणि आईचा दुसरा हात व्हायची. तिचा हात वरून यायचा, मध्ये थोडा बाहेर जायचा, शेवटी अंगाकडे वळायचा. कोबी धरून माझा हात त्याच वाटेने जायचा. नऊ वर्षं.

माझा हात हवेत तसाच राहिला. कोबी पात्यावर चिरला गेला होता आणि फिरला नव्हता. आईने दुसरी फोड लावली, तिसरी लावली. मग थांबून माझ्या मोकळ्या हाताकडे बघितलं.

"मग आता तू काय करणार गं?" ती म्हणाली.

अण्णा हसले. मी नाही.

यंत्र खोटं बोललंच नव्हतं. ती आठवणच होती. पण ते पातं त्या दुपारपर्यंत जगात कुठेच नव्हतं.

परतीच्या एसटीत, गोणपाटात गुंडाळलेली विळी मांडीवर घेऊन, मला शलाकाच्या रद्दीतल्या रेघा दिसायला लागल्या. चारशे, मोजून, चहाच्या आधी. ती गिरवत नव्हती. ती हाताला शिकवत होती. हात शिकला की आकडा पडणारच. अडाणी हाताला एक्याण्णव, शिकलेल्याला एकोणतीस. आम्ही जितकं शिकत गेलो तितके चोर ठरत गेलो, आणि एकमेकांच्या कागदाकडे बघत राहिलो.

कमान? वसतिगृहात पोचल्यावर मी माझा हातपंपाचा कागद काढून तिच्या स्टुलाच्या फोटोशेजारी धरला. जुळत नव्हती. लांबूनसुद्धा.

समितीचा दिवस

न्हाणीघरात कुणीतरी माझ्यासाठी बादली भरून ठेवली होती. खालच्या बॅचमधल्या कुणाची तरी दया. दहा मिनिटं उचलून धरली असती तर आकडा सहज पन्नासच्या वर गेला असता. पदवी मिळाली असती. पट्टाही खरा ठरला असता आणि शलाकाचे एकोणतीसही.

मी कडी धरली. उचलली. मग तिच्यातल्या पाण्याने तोंड धुतलं.

समितीच्या दालनाबाहेर बाकावर शलाका बसली होती. वर्षाने इतक्या जवळून तिला पाहत होते.

"खूश आहेस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कायले?"

"शंका-नोंद टाकलीस माझ्यावर."

ती हसली नाही, चिडलीही नाही. "पन्नासच्या खाली यंत्रच कळवते. नोंद लागत नाही. नियम वाचत नाही का तू?" तिने हातातला कागद उलटा केला. "मी साक्ष लिहून दिली सकाळी. तुह्यावाली पंचावन्न रेखाटनं कचऱ्याच्या टोपल्यात मी पाहिली आहेत. पंचावन्न वेळा चुकणारी पोरगी नक्कल नाही करत, असं लिहिलं." कागदाची घडी घालत ती म्हणाली, "माह्यासाठी कोणी नाही लिहिलं."

आतून नाव पुकारलं. मी दार लावून घेतलं नाही.

आत पेंडसे मॅडम आणि पट्ट्याचं काम बघणारे बर्वे सर होते. सरांनी माझ्या हाताला टिकल्या चिकटवल्या. मी उजव्या हाताने, सावकाश, तेच पातं काढलं.

"बावीस," बर्वे सर म्हणाले. "आणखी खाली."

"केतकी, ही रेघ तू कुठे पाहिलीस?" मॅडमनी विचारलं.

मी गोणपाट सोडलं, विळी मेजावर ठेवली आणि पिशवीतून कोबी काढला. "मॅडम, डावा हात पाठीमागे घ्या आणि चिरा."

त्यांनी बर्वे सरांकडे पाहिलं, मग डाव्या हाताने पाठीमागे पदर धरला आणि चिरायला लागल्या. अर्धा कोबी झाला तरी थांबेनात.

"विळी उत्तम आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण प्रश्न विळीचा नाही. रेघ कुणाची?"

"आईची. नऊ वर्षं मी समोर बसून भाजी धरली. तिचीही आहे आणि माझीही."

"असा रकाना नाही आपल्याकडे."

"मग मला दुसरा कागद द्या. शलाका मेश्रामवरची शंका-नोंद मी टाकली होती. 'खात्री आहे' असं लिहिलं होतं. ती मागे घ्यायची आहे."

बाहेर बाक करकरला.

"याने तुझा आकडा वाढणार नाही," मॅडम हळू म्हणाल्या.

"माहीत आहे."

मी लिहिलं: कमान जुळत नव्हती. मला तिचं काम माझ्याहून चांगलं वाटलं आणि मी त्याला शंका म्हटलं. खाली सही केली. केतकी लोहार. सातवीपासून करत आलेय तशी, न बघता, एका झटक्यात.

यंत्र वाजलं. पट्टा हातालाच होता.

अस्सल ३

पडद्यावर तीन टक्के होते. त्याखाली यंत्राचा ठरलेला मजकूर: ही रेघ या हाताची स्वतःची नसावी.

मॅडमनी चष्मा काढून पडदा वाचला, मग कागदावरची माझी सही, मग पुन्हा पडदा.

"सही करण्यापूर्वी पट्टा काढायचा असतो," बर्वे सर म्हणाले. ते उठून माझ्या हाताकडे आले. "काढ, आणि परत सही कर. ही मोजणी पुसून टाकतो."

"का काढायचा, सर?"

"नियम आहे."

"सगळ्या छापील कागदांवर ती ओळ आहे. कुणी घातली?"

सर टिकल्यांची वायर गुंडाळायला लागले, ती अजून माझ्या हाताला असताना. त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं, असा मला संशय आहे. तो अजून गेलेला नाही.

"राहू द्या, बर्वे," मॅडम म्हणाल्या. "पुसू नका." त्यांनी स्वतःची बाही कोपरापर्यंत वर केली, मग मधेच थांबल्या. तीस वर्षं त्या निकालांवर सह्या करत आल्या आहेत. पट्टा मागायचं धाडस त्यांना होईना.

दार ढकललं गेलं. शलाका आत आली. ती मेजापर्यंत आली, कोबीची एक फोड उचलून जाडी बघितली आणि खाली ठेवली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"शलाका," मी म्हटलं.

"तुह्याशी मी बोलून नाही राहिली," ती म्हणाली, सहीसाठी मेजावरचं पेन उचललं आणि हात पुढे केला. "पट्टा दे."